पेटीवरची चौदा घरं

"वायरवाला येऊन राहिला होऽऽ!"

जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं राहून भोयर भाऊ ही आरोळी ठोकायचे, मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे आणि मगच वर चढायचे. गच्चीवर कोणी केस वाळवत बसलेली असते, कोणी गाऊनवर असते, कोणी नवऱ्याशी भांडून एकटीच रडत असते. तिला सावरायला दहा आकडे पुरतात, असं त्यांचं म्हणणं. मी फटकळ बाई. एकदा म्हटलं, "भोयर भाऊ, दहा आकड्यांत काय होतं हो? रडणारीला वीस तरी लागतात." त्या दिवसापासून आमच्या जिन्यात ते वीस मोजायला लागले. मी कधी रडत बसते, हे त्यांनी विचारलं नाही.

चपला ते खालीच काढायचे. वर पापड असतात, वड्या असतात, कोणाच्या सांडोळ्या असतात, म्हणून. नागपूरची मे महिन्यातली गच्ची म्हणजे काय चीज आहे, हे नागपूरच्या माणसाला सांगायला नको. हा बाबा डोक्याला दुपट्टा बांधून, खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन, अनवाणी पायानं तुरुतुरु कठड्यापर्यंत जायचा. मी ओरडायची, "अहो, पोळून मरसान!" ते म्हणायचे, "काकू, सवय आहे ना जी. थांबलं त पोळते, चाललं त नाही पोळत."

सुधाकर भोयर मूळचे नरखेड तालुक्यातले. घरची संत्र्याची थोडी झाडं मोठ्या भावाकडे गेली आणि हे नागपुरात आले. आधी टीव्हीची केबल ओढणाऱ्या कोणाकडे राबले, मग स्वतःचं नेट काढलं. म्हणजे मोठी लाईन एका ठिकाणाहून घ्यायची आणि गच्च्यागच्च्यांवरून वायरी ओढून घरोघर वाटायची. मानेवाडा रोडच्या आतल्या आमच्या लेआऊटमध्ये, म्हणजे आमच्या वसाहतीत, तेव्हा दुसरं नेट नव्हतंच. लोक त्याला 'भोयर नेट' म्हणायचे. आता ते गावाकडे असतात असं ऐकते. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, पण मी लावत नाही. का लावत नाही ते सांगायलाच ही सगळी रामकहाणी.

तर त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक पंधराएक घरांमागे एक पेटी लागायची. पत्र्याची, जेवणाच्या डब्यापेक्षा थोडी मोठी, आत हिरवे दिवे लुकलुकणारी. मोठी वायर पेटीत यायची आणि पेटीतून एकेका घराकडे फुटायची. पेटी चालते विजेवर, म्हणजे ती कोणाच्या तरी घरात हवी. ज्याच्या घरी पेटी, त्याला नेट फुकट. कागद नाही, सही नाही, काही नाही. तुमच्या भिंतीवर माझी पेटी, तुमच्या घरी माझं नेट. अशा नऊ पेट्या होत्या लेआऊटमध्ये, आणि त्यातली एक आमच्या पॅसेजमध्ये, चपलांच्या रॅकच्या वर. तिच्यावर चौदा घरं होती. लोक मला 'पेटीवाल्या काकू' म्हणायला लागले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

आमचंच घर का निवडलं, असं मी विचारलं होतं. मला वाटलं, आमची गच्ची उंच म्हणून. तर म्हणाले, "गच्ची कोन पाहते? तीन दिवस दुपारी तुमच्याकडं पाणी मांगाले आलो होतो, आठवते? तीनही दिवस दुसरी बेल मारा लागली नाही. अन् पान्यासंगं गुळाचा खडा देल्ला. मनलं, या घरची बाई आपल्या पेटीले उपाशी नाही ठेवत." आमचे हे पेपर वाचत होते, ते खालीच मान घालून म्हणाले, "आणि मी? मी काय या घरात भाड्यानं राहतो?" भोयर भाऊ इतके हसले की हातातला टेस्टर पडला.

लाईन चालते की नाही हे पाहायची त्यांची एकच रीत होती. कोणाचाही फोन घ्यायचा आणि त्यावर नरखेडचं हवामान उघडायचं. मी म्हणायची, पुण्याचं पाहा ना, माझा मुलगा तिथे असतो, तेवढंच मला कळेल. तर नाही. "पुणं-मुंबई कोनतंबी नेट दाखवते, काकू. नरखेड दाखवलं त समजाचं, लाईन पक्की." या माणसामुळे आमच्या लेआऊटमधल्या प्रत्येक बाईला नरखेडला आज ऊन किती ते पाठ असायचं. आपल्या गावचं माहीत नाही, पण नरखेडला ढग आले हे माहीत.

आणि तोंडाचा इतका पक्का माणूस मी पाहिला नाही. गच्चीवरून काय दिसत नाही? कोणाच्या मागच्या अंगणात रिकाम्या बाटल्या, कोणाची सून वेगळी चूल मांडून बसलेली, कोणाचं पोर कोणाच्या पोरीशी खुणा करतं. मी पुष्कळ गळ टाकून पाहिले. चहा दिला, चिवडा दिला. "काय हो भोयर भाऊ, त्या कोपऱ्यावरच्या घरी म्हणे फार आवाज येतो?" ते बशीत फुंकर मारत म्हणायचे, "मी वायर पाहतो, काकू." झालं! माझा चिवडा वाया. त्यांच्या ऑफिसात, म्हणजे त्यांच्या घराच्या समोरच्या खोलीत, एक मशीन होतं. त्यावर कोण किती नेट वापरतो ते सगळं दिसायचं म्हणे. पण ते कधी उघडून पाहायचे नाहीत. "दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटते," म्हणायचे. मला तेव्हा याचं कौतुक वाटलं होतं.

आमच्या चार घरं पलीकडे शीला राहते, आमच्याच पेटीवरची. तिची मुलगी मृणाल, तिची नोकरीची मुलाखत होती, घरबसल्या, कॉम्प्युटरवर. सकाळी साडेदहाला मुलाखत आणि दहाला नेट गेलं. वानरांनी वायर ओढली होती. शीला रडायच्या बेतात, मृणाल तिच्यावर ओरडून राहिली, आणि भोयर भाऊ पंधरा मिनिटांत हजर. वायर जोडली, पण टोकाची ती प्लास्टिकची चिमुकली क्लिप मोडलेली. नवी आणायला बर्डीच्या बाजारात जावं लागणार. मग काय केलं? शीलाच्या गच्चीवरच्या जोडणीच्या डब्यात ते टोक खुपसलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं. अंगठा हलला की नेट गेलं! पाऊण तास हा माणूस त्या उन्हात उकिडवा बसून होता, अंगठा दाबून. मी छत्री घेऊन वर गेले, त्यांच्या डोक्यावर धरली. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "काकू, बोलू नका. हलन." मृणालला ती नोकरी लागली. शीलानं पेढे दिले तेव्हा त्यांच्या अंगठ्यावर अजून वळ होता आणि ते म्हणत होते, "मी काय केलं? बोलली त पोरगी."

लॉकडाऊनमध्ये तर त्यांचा थाट विचारू नका. पोरांच्या शाळा फोनवर, मोठ्यांची ऑफिसं फोनवर, आणि सगळ्यांच्या वर गच्च्यांवरून फिरणारे भोयर भाऊ. लोक खिडकीतून हात जोडायचे. कोणी म्हणायचं, भाऊ, तुम्ही नसता तर पोरगं एका वर्गात दोनदा बसलं असतं. तेव्हा आमच्या लेआऊटनं त्यांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

आणि मग ते दोघे आले.

एका सकाळी भोयर भाऊ दोन मुलांना घेऊन आमच्या दारात. इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्राचे पट्टे, हातात नकाशाचा कागद. "काकू, पाहुणे आहेत. लेआऊट पाहाचा आहे त्यायले. गच्चीवर नेऊ का?" मी म्हटलं, कुठले पाहुणे? म्हणाले, कोण्या कंपनीचे आहेत, सर्वे आहे, चौकात पत्ता विचारत उन्हात उभे होते बिचारे. चौकातच त्यांना तर्रीपोहे खाऊ घालून आणले होते! मग सगळी सकाळ हा भला माणूस त्यांना गच्च्यागच्च्यांवर घेऊन फिरला. कुठून वायर नेली तर झाड आड येत नाही, कोणत्या घरी दुपारी माणूस असतं, कोणत्या गल्लीत वानरं फार. त्यांच्या नकाशात दोन गल्ल्या चुकल्या होत्या, त्या भोयर भाऊंनी स्वतःच्या पेननं दुरुस्त करून दिल्या. मी चहा केला. आता तुम्हीच सांगा, दारी आलेल्याला वाट दाखवू नये, असं कोणी शिकवलं होतं आपल्याला?

दोन महिन्यांनी, दिवाळी झाल्याबरोबर, चौकात मांडव पडला. मोठी कंपनी, मोठा लाऊडस्पीकर. घरात नेट फुकट, यंत्र फुकट, जोडणी फुकट, टीव्हीचे चॅनल फुकट. इतके महिने काही द्यायचं नाही, आवडलं तर पुढे पाहा. अहो, लोक असे तुटून पडले की सत्यनारायणाच्या प्रसादाला नाही पडत! त्या रांगेत मी कोणाकोणाला पाहिलं ते सांगत नाही. भोयर भाऊंच्या नऊ पेट्यांपैकी पाच पेट्यांची घरं पहिल्याच दिवशी त्या रांगेत होती. आणि सहावं घर आमचं होतं. मुलानं पुण्याहून फोनवर सांगितलं, आई, फुकट आहे तर घेऊन ठेव. घेऊन ठेवलं.

त्या संध्याकाळी भोयर भाऊ आमच्याकडे आले होते. चिडलेले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द बोलता आले असते. नुसते बसले आणि म्हणाले, "काकू, समोरचा दहा रुपये कमी घेईन, त मी पंधरा कमी घेतो. अर्ध्यात देईन, त मी बी उपाशी राहून अर्ध्यात देतो. पन हा फुकट देऊन राहिला. आता फुकटच्या खाली मी कुठे जाऊ?"

आमचे हे सरकारी खात्यातून रिटायर झालेले, त्यांना प्रत्येक गोष्टीवर अर्ज सुचतो. ते म्हणाले, "अर्ज करा. वर तक्रार करा." भोयर भाऊ म्हणाले, "कोनाची तक्रार करू जी? लोकायले फुकट देते म्हनून?"

मग पेट्या जायला लागल्या. विचार केला तर गंमत अशी की, सगळ्यात आधी तेच लोक फिरले ज्यांना भोयर भाऊंनी इतकी वर्षं फुकट दिलं होतं. पैसे देणाऱ्यांनी दसऱ्याला वर्षाचे एकदम दिलेले असायचे, त्यांची वायर निदान भिंतीवर राहिली. पण पेटीवाल्याला पेटी कशासाठी हवी? नेट फुकट मिळतं म्हणून. तेच फुकट आता चौकात मिळायला लागलं, तर भिंतीवर हा गुणगुणणारा डबा कोण ठेवतो? कोणी म्हणालं रंग द्यायचा आहे, कोणी म्हणालं सुनेला आवाजानं झोप लागत नाही. एक पेटी गेली की तिच्यामागची पंधराएक घरं अंधारात, आणि दुसऱ्या दिवशी तीही मांडवात. ते मला म्हणाले, "माझ्याजवळ लोकायले द्याले एवढंच होतं, काकू. तेच आता सगळीकडं मिळून राहिलं."

होळीपर्यंत नवातली एक उरली. आमची.

आमच्या पॅसेजमध्ये आता दोन डबे होते. वर भोयर भाऊंची पेटी, आणि आत हॉलमध्ये टीव्हीच्या मागे लपवलेलं कंपनीचं पांढरं यंत्र. मी ते मुद्दाम लपवलं होतं. त्यांच्या वायरीवरचं नेट आम्ही वापरत नव्हतो, पण पेटी चालू ठेवली होती. कशाला? भीड. दुसरं काय! मला वाटायचं, आपल्यामुळे निदान चौदा घरं चालतात ना, चालू दे. आणि त्या चौदा घरांचं काय चाललं होतं? ते भोयर भाऊंना रस्त्यात भेटले की म्हणायचे, "मस्त चालू आहे भाऊ, काही टेन्शन नाही." ही आम्हा लोकांची खोड. तोंडावर नाही म्हणायचं नाही. पाहुण्याला वाढताना जसं 'पुरे पुरे' म्हणायला लाजतो, तसंच हेही. मशीन उघडून पाहिलं असतं तर त्यांना एका मिनिटात कळलं असतं की कोण चालू आणि कोण बंद. पण ते दुसऱ्याच्या घरात डोकावत नव्हते.

त्यांनी मला हात जोडून सांगितलं होतं, "काकू, चौदा घरं आहेत तुमच्या पेटीवर. बाकीचे येतीन वापस. फुकट काही जन्मभर नसते, कधीतरी पैसे मांगतीनच कंपनीवाले. तवा एक पेटी जिती पायजे फक्त. एका पेटीवरून मी अख्खा लेआऊट पुन्हा जोडतो." आणि खरं सांगते, ते बोलताना त्यांचे डोळे असे व्हायचे की मीच म्हणायची, जोडसान भाऊ, नक्की जोडसान.

मार्च संपता संपता माझ्या भाचीचं लग्न होतं, कन्हानला. आम्ही दोघं आठ दिवस तिकडे. निघताना यांनी नेहमीप्रमाणे घरातले सगळे प्लग उपटले, गाव सोडताना यांचा हा एक विधीच असतो, आणि मी दाराला कुलूप लावलं. पेटीचा प्लगही त्यातच गेला. यांच्या लक्षात नाही, माझ्या लक्षात नाही. आठ दिवस वरणफळं आणि गुलाबजाम खाऊन, नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास घरी आलो. हे सरळ आंघोळीला गेले. मी बॅगा आतल्या खोलीत ढकलल्या, केर काढायला झाडू हातात घेतला, तेवढ्यात बेल.

भोयर भाऊ. धुतलेला शर्ट, दाढी केलेली, हातात वायर नाही. बसले आणि म्हणाले, "काकू, एक सल्ला पायजे." कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा एक मोठा अडत्या होता, त्याला कॉम्प्युटर, कॅमेरे, काटे पाहायला भरवशाचा माणूस हवा होता. कायमची नोकरी. "शेटनं सांगितलं, बारा वाजेपर्यंत हो म्हन, नाही त दुसरा मानूस बसवतो. घरची म्हनते जा. पोरगी म्हनते, बाबा जा. मीच अटकून राहिलो. मनलं, काकूच्या पेटीले एकडाव पाहून येतो."

आणि बोलता बोलता त्यांनी वर पाहिलं. पेटी काळी ठिक्कर. एक दिवा नाही.

"पेटी बंद दिसते, काकू. कवापासून?"

आठ दिवस! चौदा घरं, आठ दिवस नेट बंद, आणि या माणसाला एक फोन नाही. एकानंही विचारलं नाही. कोणाच्याच घरी काही बंद पडलेलं नव्हतं. हे सगळं मला एका क्षणात कळलं. सांगायला पाहिजे होतं. पण त्यांचं ते धुतलेल्या शर्टातलं ध्यान पाहून माझ्या तोंडून निघालं, "आत्ताच हो! वरची जाळी झाडताना माझ्याच झाडूनं प्लग निघाला. पाच मिनिटं झाली असतील. लावते, थांबा."

"नका लावू," ते म्हणाले.

"अं?"

"राहू द्या थोडा वेळ. चौदा घरं बंद पडली ना? मंग आता फोन येतीनच. एकाचा जरी आला, काकू, त मी कळमन्याले जात नाही. नाहीच आला..."

त्यांनी फोन टीपॉयवर ठेवला. दुपट्ट्याच्या टोकानं त्याची काच पुसली. आवाज मोठा आहे का पाहिलं. मग मला म्हणाले, "काकू, एक मिस कॉल मारून पाहा बरं. वाजते का नाही." मी लावला. फोन खणखणीत वाजला. "वाजते," ते म्हणाले आणि पुन्हा ठेवून दिला.

देवा, ती पंधरा मिनिटं! मी चहा ठेवला. आतून न्हाणीतल्या पाण्याचा आवाज येऊन राहिला होता आणि मी मनात म्हणत होते, यांनी आत्ता बाहेर येऊन लग्नाचं काही बोलू नये. भोयर भाऊ फोनकडे पाहायचे, मग घड्याळाकडे पाहायचे, मग मला उगाच समजावायचे. "या टायमाले पोरं शाळेत असतात ना." थोड्या वेळानं, "घरचे जेवाले बसले असतीन." मी आपली हो हो. गप्प बसले असते ना मी, नुसती गप्प, तर बारा वाजता तो माणूस उठून कळमन्याला गेला असता. महिन्याच्या महिन्याला पगार, डोक्यावर छप्पर, उन्हातान्हात गच्च्या नाहीत. त्याचं भलं व्हायला मला काहीच करायचं नव्हतं. आणि तेवढंच माझ्याच्यानं झालं नाही. माझी अक्कल शेण खायला गेली. त्यांचं ते फोनकडे पाहणं मला पाहवेना.

मी मागच्या अंगणात गेले आणि शीलाला फोन लावला.

"शीला वं, एक काम कर. भोयर भाऊंना फोन कर आणि नेट बंद आहे म्हण."

"कोणतं नेट?" ती म्हणाली. "आमचं तर संक्रांतीपासून कंपनीचं आहे. भाऊंची वायर कंपनीच्या माणसानंच कापून टाकली. काहून, काय झालं?"

"नंतर सांगते. तू आत्ता कर. तुझ्या पोरीसाठी अंगठा धरून बसला होता तो माणूस, विसरलीस?"

मग म्हणाली, "करते."

मी चहाचा कप घेऊन बाहेर यायला आणि फोन वाजायला एकच गाठ पडली. काय सांगू त्यांचा चेहरा! उचलायच्या आधी माझ्याकडे फोन फिरवून नाव दाखवलं. "हां वहिनी, बोला! बंद? हो हो, माहीत आहे ना, काकूच्या पेटीचा प्लग निघाला. दोन मिनिटं, वहिनी, दोन मिनिटं!" चपळाईनं स्टुलावर चढले, प्लग खुपसला. पेटीत एकेक हिरवा दिवा लागला. फोन कानाशीच. "आलं का, वहिनी? पाहा बरं... आलं? आलं ना! काय म्हणता? हो का? बरं बरं."

खाली उतरले तेव्हा दम लागला होता. "पाह्यलं, काकू? पंधरा मिनिटं नाही झाले अन् फोन आला. मी म्हनतच होतो." आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी दुसरा नंबर लावला. "शेटजी, नमस्कार. भोयर बोलून राहिलो. नाही जी, नाही जमत माझं. माझी लाईन चालू आहे ना अजून, लोकायले सोडून कसा येऊ? हो, बसवा तुम्ही दुसरा मानूस. बरं, शेटजी. रागावू नका."

बाराला अजून दहा मिनिटं होती.

मी म्हटलं, "भोयर भाऊ, चहा..."

"येतो, काकू, वापस येऊन घेतो. वहिनी म्हनते आजकाल थोडं स्लो चालून राहिलं. आता एवढं फोन करून सांगितलं त्यायनं, त पाहाले नको? आत्ता पाहून येतो." आणि निघाले.

ही मेली शीला! तिला कोणी सांगितलं होतं स्लो म्हणायला? माझं काम चोख व्हावं, खरं वाटावं, म्हणून आपल्या पदरचं घातलं तिनं. मी फोन लावला, ती उचलेना. पुन्हा लावला. पायात चपला न घालताच गेटपर्यंत धावले. शीलाच्या हॉलमध्ये दारासमोरच्या भिंतीवर कंपनीचं यंत्र टांगलेलं आहे, आत पाय ठेवल्याबरोबर दिसतं.

ते भराभर चालले होते. वाटेत कोणीतरी हात केला, भोयर भाऊंनीही केला, आणि मोठ्यानं सांगितलं, "कंप्लेंट आहे जी, जाऊन राहिलो." मी हाक मारायला तोंड उघडलं. पण हाक मारून सांगणार काय होते? मागून हे टॉवेल गुंडाळून दारात आले आणि विचारू लागले की कोण आलं होतं, आणि पेटी आठ दिवस बंद राहिली हे तुझ्या लक्षात आलं का.

भोयर भाऊंनी शीलाची बेल दाबली. शर्ट खाली ओढून नीट केला, आणि उभे राहिले. शीलानं दार उघडलं.